काय होतंय, की काय हवंय?

सकाळी ७ : ब्रश. ७.१५ : स्पंजिंग. ७.४५ : नाश्ता (मीठ कमी). ८ : गोळ्या. ८.३० : व्यायाम...

हा चार्ट माझा. एक्सेलमध्ये केलेला, रंगीत, गोळ्यांना लाल आणि जेवणाला हिरवा रंग दिलेला. प्रिंट काढून लॅमिनेट केला आणि आजीच्या फ्रिजवर चिकटवला. ऑफिसात प्रोजेक्ट प्लॅन करण्यात माझा हात कुणी धरत नाही. एक आजी मॅनेज करायला असा काय वेळ लागणार?

नवव्या दिवशी आजीनं बोलणंच बंद केलं.

आजी म्हणजे वय वर्षं त्र्याऐंशी. मुक्काम पोस्ट काटेवाडी आणि भवानीनगरच्या मधली एक वस्ती. बारामतीहून इंदापूरकडे निघालात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जो ऊस लागतो ना, त्यातच कुठेतरी. संक्रांतीनंतर न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. पुण्यात आणून ऑपरेशन केलं, बॉल बदलला. सगळं व्यवस्थित झालं, डॉक्टर उत्तम होते. पण त्या पाच दिवसांत माझ्या आजीचं नाव 'सहा नंबर' पडलं. 'सहा नंबरचं बीपी घ्या.' 'सहा नंबरला मोशन झाली का?' राऊंडला डॉक्टर यायचे, आजीच्या पायाशी उभे राहायचे आणि मला विचारायचे, ''यांना झोप लागते का?'' आजी टक्क जागी. ऐकू व्यवस्थित येतं. सोसायटीच्या निवडणुकीत कुणाला किती मतं पडली, हे आजही पाठ. पण प्रश्न मला. आणि मीही शहाणी, उत्तर देऊन मोकळी! ''हो, लागते.''

आजी माझ्याकडे बघत होती. त्या नजरेचा अर्थ कळायला मला महिना लागला.

चार्टमध्ये नव्हतं ते

ऑपरेशननंतर आजी म्हणाली, घरी जायचं. आम्ही तिला वस्तीवर नेलं. चुलत्यांचं घर शेजारीच, पण काकू स्वतः गुडघ्यांनी बेजार. म्हणून बाई ठेवायचं ठरलं. पहिली पुण्याच्या ब्यूरोतून आली होती. कामाला चोख. माझा चार्ट तिनं अक्षरशः पाळला. सात पंधरा म्हणजे सात पंधरा! रात्री उठायला नको म्हणून डायपर लावला. आजीला स्वतःच्या हातानं जेवता येत होतं, पण सांडतं आणि वेळ लागतो, म्हणून भरवायला सुरुवात केली. ''आमचं बाळ ते शहाणं, आ कर बघू.'' मी व्हिडिओ कॉलवरून हे बघायचे आणि मला बरं वाटायचं. किती मायेनं करतेय!

नवव्या दिवशी आजी भिंतीकडे तोंड करून झोपली. जेवली नाही. चुलत्यांचा फोन आला, ''आई बोलंना झालीय.'' टेन्शन! रजा टाकली, पाटस मार्गे गाडी हाणली. डॉक्टरांना फोन, सोडियम तपासलं, इन्फेक्शन तपासलं. सगळं नॉर्मल. ('सोडियम' या शब्दावर मी इतकी विसंबून होते की रिपोर्ट नॉर्मल आल्यावर चक्क वैतागले.) ब्यूरोची बाई सुट्टीवर गेली ती परत आलीच नाही, आणि मधल्या काळात चुलत्यांनी गावातलीच एक बाई बोलावली. पन्नाशीची, विधवा, बारामतीला एका दवाखान्यात काही वर्षं आया म्हणून काम केलेली.

ही बाई आली, चपला काढल्या, फ्रिजवरच्या चार्टकडे एकदा बघितलं. मग आजीच्या कॉटवर नाही, शेजारी खाली बसली. म्हणजे आजीला मान वर न करता तिचं तोंड दिसेल अशी.

''आत्या, आधी चा घेणार का आंगूळ करणार?''

गावातली सून, म्हणून आजी तिची आत्या. आजी काहीच बोलली नाही. मला वाटलं, आता ही पुन्हा विचारेल, नाहीतर चहा आणेल. तिनं दोन्ही केलं नाही. बसून राहिली. मिनिटभर, दोन मिनिटं. माझ्यासारखीला दोन मिनिटं शांत बसणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. दोनदा मोबाइल बघून झाला.

''आंगूळ,'' आजी म्हणाली. नऊ दिवसांत भिजून न घेतलेली आजी. ''दिवा लावल्याबिगर मी चा घेत न्हाय.''

ही गोष्ट मला माहीत होती! लहानपणापासून बघत आलेय. आधी अंघोळ, मग देवाजवळ दिवा, मग चहा. माझ्या चार्टमध्ये चहा ७.३० ला होता, स्पंजिंगनंतर, आणि दिवा कुठेच नव्हता. स्पंजिंग म्हणजे अंघोळ नव्हे, हे आजीच्या लेखी इतकं उघड होतं की तिनं ते सांगायचीही तसदी घेतली नव्हती. बिनअंघोळीचा चहा तिच्या तोंडाला लावला जात होता, रोज, मायेनं.

मावशींनी (मी त्यांना मावशीच म्हणायला लागले) प्लॅस्टिकची खुर्ची न्हाणीत ठेवली, खाली गोणपाट टाकलं, दार लोटलं. मी आत जायला लागले तर म्हणाल्या, ''ताई, तुमी भाईरच थांबा. त्येस्नी लाज वाटतीया.'' हॉस्पिटलात पडदा न ओढता कपडे बदलले जायचे तेव्हा मी तिथेच उभी होते. लाज वाटत असेल हे डोक्यातच आलं नाही. म्हातारं माणूस, त्यात पेशंट, त्याला कसली लाज?

डायपर गेला. कॉटजवळ भांड्याची खुर्ची आली आणि रात्री हाक मारायची सोय म्हणून मावशींनी बैलाच्या गळ्यातली जुनी घुंगरमाळ कॉटच्या दांडीला बांधली. पहिल्या रात्री ती चार वेळा वाजली. त्यातले दोन वेळा नुसतं वाजते का बघायला.

मिश्रीचं काय करायचं?

हे सगळं गोड गोड वाटतंय ना? थांबा. आता मिश्री.

आजी साठ वर्षं मिश्री लावते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तोंडाच्या कॅन्सरचा धोका, हे माझ्यासारख्या गुगल करणाऱ्यांनाच नाही, आशाताईंच्या भिंतीवरच्या पोस्टरलाही माहीत आहे. ऑपरेशनच्या वेळी मी ती डबी पुण्यातच कचऱ्यात टाकली होती, आणि त्याचं मला अजून वाईट वाटत नाही. किंवा थोडं वाटतं.

मावशींना विचारलं, ''द्यायची का?'' त्या म्हणाल्या, ''मी कोन देनार आन् न देनार? डाक्टरला आत्यासमोर इचारा.'' तर फोन स्पीकरवर लावला. डॉक्टरांनी पहिल्यांदाच आजीशी थेट बोलायला सुरुवात केली. तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो, हाड धरायला वेळ लागतो, तोंडात काय होऊ शकतं, सगळं सांगितलं, न घाबरवता. आजीनं ऐकलं. मग म्हणाली, ''सकाळी एकदा लावते. दुपारची आन् रातची सोडते.'' डॉक्टर म्हणाले, पूर्ण सोडलीत तर उत्तम. आजी म्हणाली, ''त्ये मला म्हाईत हाय.''

सकाळची मिश्री अजून चालू आहे. हे बरोबर की चूक? खरं सांगायचं तर मला उत्तर नाही. माणसाच्या मर्जीचा मान राखायचा आणि त्याचं नुकसान डोळ्यांसमोर बघायचं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करणं हे जगातलं सगळ्यात अवघड काम असावं. पण एक फरक लक्षात आला. मी डबी फेकली तेव्हा आजीनं चुलत्यांच्या गड्याकडून गुपचूप दुसरी मागवली होती. उशीखाली होती! ठरवण्यात तिचा हात लागला तेव्हा तीनची एक झाली.

तिकडचा फंडा, इकडचा फंडा

पुण्याला परतल्यावर मी स्वभावाप्रमाणे वाचायला घेतलं. या सगळ्याला जगात एक रीतसर नाव आहे. व्यक्तिकेंद्री काळजी. म्हणजे आजाराच्या भोवती नव्हे, माणसाच्या भोवती काम आखायचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५१ साली आपल्या पुस्तकात 'पेशंट' शब्द बाजूला ठेवून 'क्लायंट' म्हटलं, कारण समोरच्या माणसाला स्वतःबद्दल आपल्यापेक्षा जास्त कळतं असं त्यांचं म्हणणं होतं. इंग्लंडच्या टॉम किटवुड यांनी १९९७ साली स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या देखभालीवर पुस्तक लिहिलं. काळजी घेणाऱ्यांच्या हातून, कुणाच्याही मनात वाईट नसताना, माणूस कसा पुसला जातो त्याची त्यांनी यादीच केली. लहान मुलासारखं वागवणं. त्याला झेपणार नाही इतक्या वेगानं सगळं उरकणं. तो समोर असताना तो नसल्यासारखं बोलणं. त्याला करता येतं ते आपणच करून टाकणं. आजीला स्मृतिभ्रंश नाही, तरी ती यादी मी दोनदा वाचली. चारही आम्ही केलं होतं, त्यातलं एक तर व्हिडिओ कॉलवर कौतुकानं बघत.

आणि २०१२ साली अमेरिकेतल्या एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात मायकेल बॅरी आणि सुझन एजमन-लेव्हिटन यांनी एक लेख लिहिला. पेशंटला काय होतंय हे विचारताच, तसं त्याला काय महत्त्वाचं वाटतं तेही विचारा, असं त्यांचं सांगणं. इंग्रजीत ती शब्दांची छान गंमत आहे, पण आपल्याकडची मला जास्त आवडली. 'काय होतंय?' हे दवाखान्यात आपण हजारदा ऐकतो. 'काय हवंय?' हे फक्त हॉटेलात.

पण हे सगळं तिकडचं म्हणून सोडून द्यायची गरज नाही. याचं सगळ्यात भारी उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास तिथे 'सर्च' ही संस्था उभी केली. आदिवासी दवाखान्यात यायला बिचकत होते. का? तर या दोघांनी त्यांनाच विचारलं. उत्तरं ऐकून आपल्यासारख्यांच्या डोक्याला मुंग्या येतील. मोठ्या इमारतीची भीती वाटते. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात आणि आमच्यात पांढरं मेलेल्याला गुंडाळतात. पेशंट आत नेता आणि नातेवाइकांना बाहेर काढता, मग एकटा माणूस बरा कसा होईल? आणि तुमच्या दवाखान्यात आमचा देव कुठाय? आता यावर दोन मार्ग होते. एक, लोकांना 'जागृत' करणं. बंग दांपत्यानं दुसरा धरला. त्यांनी दवाखानाच बदलला. शोधग्रामचं रुग्णालय आदिवासी पाड्यासारखं झोपड्या-झोपड्यांचं बांधलं, नातेवाइकांना सोबत राहायची सोय केली आणि नाव दिलं माँ दंतेश्वरीचं.

त्याआधीचीही एक गोष्ट. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि जगभर खळबळ उडाली. तोवर गावच्या बाईची तब्येत म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, बाकी तिला काय होतंय हे विचारायची कुणाला गरजच वाटली नव्हती. त्या बायकांशी झालेल्या बोलण्यांवर राणीताईंनी पुढे लिहिलेल्या पुस्तकाचं नाव 'कानोसा'. किती नेमका शब्द! कानोसा घ्यायला आधी आपण गप्प बसावं लागतं. मावशींची ती दोन मिनिटं आठवली.

दोन माणसं, एक कोयता

आता पुन्हा वस्तीवर येऊ, कारण खरी गोष्ट तिथे ओसरीवरून दिसत होती.

आजीच्या ओसरीसमोर, पडीक रानात, फेब्रुवारीत ऊसतोड टोळीच्या कोप्या होत्या. छत्रपती कारखान्याचा हंगाम चालू होता. बीडकडची माणसं. तुम्ही-आम्ही वीकएन्डला भिगवणला फ्लेमिंगो बघायला जातो तेव्हा उसाच्या ट्रॉलीमागे अडकून शिव्या घालतो ना, तो ऊस यांनी तोडलेला असतो. या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला काय म्हणतात माहितीय? 'एक कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. म्हणजे दोन जिवंत माणसं मिळून एक हत्यार. दांडी पडली तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळी आली, पोटात दुखलं, अंगावरून जातंय, तरी खाडा हा खाडाच.

मग काय होतं? बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची बातमी २०१९ साली देशभर गाजली. पिशवी म्हणजे गर्भाशय. सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. यातल्या कितीतरी जणी ऐन तिशीतल्या. अंगावरून पांढरं जातं म्हणून गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घातली जायची. ती बाईही मनात हिशेब करायची, पाळीच गेली तर खाडा नाही. कागदावर बघाल तर सही तिची आहे, अंगठा तिचा आहे. संमती घेतलेली आहे! पण जिला पाणी नाही, संडास नाही, सुट्टी नाही, दुसरा पर्याय सांगितलेलाच नाही, तिनं 'निवडलं' असं म्हणायचं का? या प्रकरणानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्याला अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. बरं झालं. पण कोप्या तशाच आहेत. न्हाणीला साडीचा आडोसा, तोही आजीच्या ओसरीवरून आरपार दिसणारा.

त्या टोळीत एक सहा महिन्यांची गरोदर पोर होती. आशाताई तिच्यासाठी यायच्या आणि पाणी प्यायला ओसरीवर टेकायच्या. त्यांना म्हटलं, ''सकाळी येत जा ना, ऊन नसतं.'' त्या हसल्या. ''सकाळी फडात असत्यात ओ. पहिल्यांदा मीबी अकराला आले, कोपीत एक म्हातारी आन् दोन पोरं. मग हिलाच इचारलं, तुला कवा जमतंय? ती म्हनली, चारला, गाडी भरायच्या आधी. म्हनून चारला येते.'' चारला यायचं म्हणजे आशाताईंचं स्वतःच्या घरचं सगळं पुढे ढकललेलं. अहवालात त्याला रकाना नाही. तिथे 'भेट दिली : होय' एवढंच.

आशा ही योजना २००५ ची. बाळ दवाखान्यात जन्मलं तर पुढच्या ४२ दिवसांत आशाताईंच्या घरी सहा भेटी, ही जी पद्धत देशभर चालते तिचं मूळही गडचिरोलीच्या घरगुती नवजात-सेवेत आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांना मोठा पुरस्कार दिला. मात्र सरकारदरबारी त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. पगार नाही, मानधन आहे. दुसऱ्याला माणूस म्हणून वागवा असं ज्यांना आपण शिकवतो त्यांना आपण काय म्हणून वागवतो, हा प्रश्न जरा अडचणीचाच.

मला तर फारच अडचणीचा. कारण तीन आठवडे झाल्यावर एक दिवस मावशींना पैसे पाठवायचे होते, मोबाइलवर त्यांचं पूर्ण नाव विचारलं गेलं आणि मला ते माहीत नव्हतं. माझ्या फोनमध्ये त्या 'मावशी बारामती' होत्या. सहा नंबरसारख्याच! त्यांना महिन्याला सुट्ट्या किती हव्यात, रात्री झोपायला कुठे बरं पडतं, त्यांचं बीपी कुणी बघतं का, यातलं काहीही माझ्या रंगीत चार्टमध्ये नव्हतं. विचारलं तेव्हा म्हणाल्या, गुरुवारी दुपारी दोन तास पाहिजेत. लेकीचं बाळ बघायला. बस्स, एवढंच.

पोरं शिकतायत म्हणे

एक बरी बातमीही आहे. बारामतीचं सरकारी मेडिकल कॉलेज, ज्याला आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे, ते २०१९ साली सुरू झालं. योगायोग बघा, त्याच वर्षी देशभर एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला आणि त्यात वागणूक, नीतिमत्ता आणि संवाद हा विषय पहिल्या वर्षापासून रीतसर घातला गेला. म्हणजे पेशंटशी कसं बोलायचं, वाईट बातमी कशी सांगायची, संमती म्हणजे सही नव्हे, हे शिकणारी देशातली पहिली बॅच आणि बारामतीची पहिली बॅच एकच. वर्गात शिकलेलं ओपीडीच्या रेट्यात किती टिकतं, हा भाग वेगळा. शंभर पेशंट बाहेर उभे असताना दोन मिनिटं गप्प बसणं ही चैन आहे, हे मला मान्य. पण खाली बसायला, नाव घ्यायला आणि प्रश्न नातेवाइकाऐवजी पेशंटला विचारायला किती वेळ जादा लागतो? मी मोजलं नाही, पण डॉक्टरांचा तो स्पीकरवरचा फोन सहा मिनिटांचा होता.

कायदेही हळूहळू त्याच दिशेला सरकतायत. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी हॉस्पिटलांनी रुग्णहक्कांची सनद लावायची आहे. पुढच्या वेळी रिसेप्शनवर बिलाआधी ती शोधा. आणि २०१८ साली सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत हे माणूस आधीच लिहून ठेवू शकतो. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली, आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर होतं. हे मी आजीला सांगितलं. काकूंनी मला डोळ्यांनी दटावलं, आत्ता कुठे बरी होतेय आणि हे काय अभद्र! आजी मात्र म्हणाली, ''लिव्हून घे. नळ्या नगं. आन् पुन्यात नगं.'' मग जरा थांबून, ''आन् त्यो डाक्टर आला तर त्येला सांग, झोप लागत नव्हती मला थितं.''

मेंढ्यांचं रिंगण

जूनमध्ये आजीला विचारलं, ''आजी, तुला काय हवंय?'' मला वाटलं, नवी काठी मागेल. आजी म्हणाली, ''काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगन बघायचं.''

तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरला जाताना काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्या धावतात. प्रचंड गर्दी. चुलते उखडले. ''पडली म्हंजे? परत पुन्याला? दुसरा खुबा?'' त्यांचं चूक नव्हतं. गेल्या वेळी रात्री दोन वाजता तिला उचलून गाडीत घातलं होतं त्यांनी. घरात दोन दिवस धुसफूस चालली. मी बाजू आजीची घेतली खरी, पण पोटात गोळा होताच. शेवटी मावशींनीच सगळ्यांना आजीच्या कॉटभोवती बसवलं. काय होऊ शकतं ते चुलत्यांनी आजीलाच सांगितलं, आजीनं ऐकून घेतलं आणि तिनंच तोड काढली. पिकअपमध्ये खुर्ची बांधायची, गाडीतनं उतरायचं नाही, आणि मावशी शेजारी. वॉकर, पाणी, भांडं, छत्री. मी यादी केली. यावेळी कागदावर, आजी सांगेल तशी.

पालखीच्या दिवशी पिकअप दारात उभी. अंघोळ, दिवा, चहा, मिश्री, सगळं झालं. नऊवारी नेसली. आणि म्हणाली, ''नगं आज. ऊन लई हाय.''

पंधरा दिवसांची तयारी! माझ्या तोंडावर आलेलं मी गिळलं. चुलते हसायला लागले. मावशींना काहीच विशेष वाटलं नाही. ''मग कुठं बसू या, आत्या?''

शेवटी रस्त्याकडेला, लिंबाखाली खुर्ची टाकली. तसंही पालखी वस्तीवरूनच पुढे भवानीनगरला जाते. आजीच्या मांडीवर केळ्यांची पाटी. दिंड्या सरकत होत्या, एकेक वारकरी केळं घेऊन 'माउली' म्हणत पायाला हात लावत होता आणि आजी बसल्या जागी वाकायचा प्रयत्न करत होती. मी पुढे झाले, तर मावशींनी माझा हात धरला. आजीला जमत होतं, थोडं थोडं.

डोक्यावर तुळस घेतलेली एक बाई वॉकर बघून थांबली. ''काय झालं ओ आजी, पायाला?''

''पायाचं ऱ्हाऊ दे,'' आजी म्हणाली. ''तू कुठल्या गावची?''